बटण मी बंद केलं होतं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज गाडी आसरा चौकात बंद पडली. हे ढकलत घरी आले. भर दुपार, डोक्याला टोपी नाही. चार्जिंगची असली म्हणून काय झालं, वजनाला म्हैस आहे ती. दारात येऊन नुसते उभे राहिले. चप्पल काढायचं सुचेना.

मी म्हटलं, "गाडीनं तुमाला आणायचं, का तुमी गाडीला?"

हसले नाहीत. एरवी हसतात.

पाणी प्यायले आणि भिंतीवरच्या बटणाकडं बघत बसले. "काल चार्जिंगला लावली तवा बटण दाबलंच न्हवतं का गं मी?"

रेखा डॉक्टरांच्या वहीत लिहायला बसली. रेखा म्हणजे माझी सून. डॉक्टरांनी सांगितलंय, मामा, म्हणजे हे, दिवसभरात काय काय विसरतात ते रोज लिहून ठेवा. तिनं लिहिलं, चार्जिंगचं बटण परत विसरले.

मी म्हटलं, अजून एक वही काढ. त्यांच्या चुकांना वही आहे, माझ्या चुकांना नको का? मला लिहायला येत नाही. मी सांगते, तू लिही. माझं 'हाय' ती 'आहे' करते. करू दे, बारावी झालेली आहे.

तर पहिलं हे लिही. बटण ते विसरले नाहीत. मी बंद केलं.

रेखाचा पेन थांबलाय. लिही की.

५ फेब्रु., गुरु.

दोन दिवस रेखा माझ्याशी कामापुरतं बोलते. आज टॉवेलच्या कडा शिवायचं काम लवकर संपलं, तर स्वतःच वही घेऊन आली. "सांगा, का केलं?"

सांगते.

दिवाळी झाल्यावर हे धाकट्या भावाकडं मंद्रूपला निघाले. ह्याच गाडीवर, एकटे. सरळ विजापूर रोड, लहान पोरगंसुद्धा जाईल. दुपार टळली तरी भावाकडं पोचले नाहीत. शेवटी एका टेम्पोवाल्यानं त्यांच्या मोबाईलवरून फोन लावला. वडकबाळच्या पुलावर गाडी उभी करून हे उभे होते. मंद्रूप कुठल्या बाजूला आणि सोलापूर कुठल्या, तेच कळेना. टेम्पोवाला म्हणाला, "बाबा मघापास्नं दोन्हीकडं बघतायत."

आमचा मुलगा बसू कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात आहे, रविवारी घरी येतो. तो म्हणाला, अव्वा, गाडी विकून टाकू. मी नाही म्हटलं. आयुष्यभर बोर्डात वायरमन होता हा माणूस. वादळात खांबावर चढायचा. गाडी काढून घेतली तर ओट्यावर बसून काय करणार, माश्या मोजणार?

तेव्हा मला वाटलं मी लई शहाणी. जेवण झालं की हे गाडी चार्जिंगला लावतात आणि झोपतात. झोप लागली की मी बटण बंद करायची. बॅटरी अर्धीच भरायची. अर्ध्या बॅटरीत दूध डेअरी होते, आसरा चौक होतो, नातेवाईकाचं दुकान होतं. मंद्रूप होत नाही.

मला अक्षर येत नाही, पण गाडीच्या काचेवरच्या बॅटरीच्या पट्ट्या येतात. एक पट्टी गेली म्हणजे डेअरी. दोन गेल्या म्हणजे चौकात चहा झाला. तीन गेल्या की मी विचारायची, "आज कुठली बया भेटली वो?" हे चकित व्हायचे. मला वाटायचं, बघा, आपण पण वाचतोय.

६ फेब्रु.

काल मुद्द्याचं राहिलं. रेखानंच विचारलं, "पण मामांना वाटलं कसं, की तेच विसरतात?"

पहिल्याच आठवड्यात हे लवकर उठले. बटण बंद दिसलं. मी भांडी घासत होते. "मी चालू केलं न्हवतं का?" म्हणाले. तोंडाशी आलं होतं सांगायचं. पण पकडली गेल्यासारखं झालं आणि जीभ माझी, ती काय गप बसते. म्हटलं, "वा रं वायरमन! सगळ्या गावाला लाईट दिली, आन् सोताच्या घरात बटण दाबायचं इसरला!"

तेव्हा मोठ्यानं हसले होते. मीपण.

मग रोज हाच टोमणा.

८ फेब्रु., रविवार

बसू आला. गाडी मिस्त्रीकडं नेली. मीही गेले मागून, रेखाबरोबर रिक्षानं. घरात बसवेना.

मिस्त्रीनं सीट उचलून चारी बॅटऱ्या बाहेर काढल्या. दोन फुगल्या होत्या, पोट दुखणाऱ्या म्हशीसारख्या. यंत्र लावून बघितलं आणि चुकचुकला. "चाचा, ये तो खतम. तुम्ही फुल चार्ज करतच न्हवते ना? शिशाची बॅटरी हाय ही. रोज अर्धी भरली, अर्धी वापरली, की आतून सडती. अजून दीड-दोन वरीस सहज चालली असती."

हे गॅरेजच्या दाराशी उभे. चार माणसं, पाच गाड्या. सगळ्यांसमोर म्हणाले, "माजीच चूक हाय. आताशा इसरतो मी."

ज्या माणसानं कधी 'माझं चुकलं' म्हटलं नाही. लग्नात मंगळसूत्र उलटं बांधलं होतं, तरी म्हणाला होता की तुझी मानच उलटी आहे.

मी बोलायला पाहिजे होतं. बसू म्हणाला, "जाऊ दे अण्णा, नवीन घालू." मिस्त्री म्हणाला, माल आला की कळवतो. मी पदर तोंडात धरून उभी. लोकांना वाटलं असेल ऊन लागतंय.

१० फेब्रु., मंगळ.

भिंतीवर काहीतरी लिहिलंय त्यांनी. बटणाच्या वर, काळ्या शाईच्या पेननं, मोठं. रेखाला विचारलं, काय आहे? तिनं वाचलं, "बटण दाबले का? परत बघ."

गाडी तिकडं मिस्त्रीकडं पडलीय, चार्जिंग काही नाही. तरी दिवसातून दहादा येऊन बटण बघतात. मग गॅस बघतात. मग मोरीतला नळ. सकाळी त्यांच्या जुन्या टेस्टरनं सगळ्या घरातले प्लग तपासले. एकेक. टेस्टरचा दिवा लागला तरी परत लावून बघतात.

आधी पन्नासातल्या पाच गोष्टी विसरायचे. आता पंचेचाळिसांवर पण त्यांचा भरवसा राहिला नाही.

मी म्हटलं, "मला पण टेस्टर लावून बघा, हाय का अजून करंट?"

"तुजं बरं हाय," म्हणाले. "तुला सगळं ध्यानात ऱ्हातं."

१२ फेब्रु., गुरुवार

डॉक्टरांकडं गेलो. तिघं.

डॉक्टर वयानं तरुण आहेत, शांत बोलतात. वही वाचली. पानंच्या पानं चार्जिंग. म्हणाले, "रोजची, वर्षानुवर्षांची सवय विसरतायत, हे जरा वाढलेलं दिसतं." ह्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, अण्णा?" हे म्हणाले, "साहेब, वायरमनचं बटण सुटलं म्हंजे काय ऱ्हायलं?"

आता सांगायचं, असं मी ठरवून गेले होते. रिक्षात तीन वेळा मनात म्हणून बघितलं होतं. डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, "आजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

आणि मी म्हटलं, "ह्यांना गोळी देताय तर मला पण द्या, मी काय काय इसरावं त्याची यादी हाय माज्याकडं."

डॉक्टर हसले. हे पण हसले. रेखा हसली नाही.

एका गोळीच्या दोन झाल्या.

येताना रेखा म्हणाली, "अत्या, वहीतलं अक्षर माझं आहे. तुम्ही सांगितल्यापासून मलाही माहीत होतं. मीही गप्प बसले." मग म्हणाली, "आता ही गंमत नाही."

गंमत कधी होती गं.

१५ फेब्रु., महाशिवरात्र

उपास. दोन गोळ्यांनी हे दिवसभर झापडीत. साबुदाण्याची वाटी हातात घेऊन बसल्या बसल्या डोळे मिटले. वाटी कलली. शर्टावर सांडलं. मी पुसायला गेले तर दचकून म्हणाले, "बटण बघितलं का?"

दरवर्षी हे मला गाडीवर मागं बसवून सिद्धेश्वराला न्यायचे. तळ्याच्या कडेनं हळूहळू. मी मागून बडबड करायची, हे ऐकल्यासारखं करायचे.

यंदा घरातूनच हात जोडले. देवाला काय सांगू, त्यालाही वही पाठवू?

रेखा म्हणते, "आता मी पुढं लिहिणार नाही. आधी मामांना सांगा. मग लिहिते."

बघा, सून पण

२२ फेब्रु., रवि.

आठवडाभर लिहिलं नाही. रेखाच्या मनासारखं अजून झालं नाही, पण आज तिनं स्वतःहून वही काढली. म्हणाली, आजचं राहायला नको.

बॅटऱ्या आल्या. मिस्त्री घरीच गाडी घेऊन आला, अंगणात सीट उघडून बसला. चार नव्या कोऱ्या, काळ्याभोर. बसू पाने-पकड देत होता. हे ओट्यावर खुर्चीत, डोळे अर्धे मिटलेले. मिस्त्री म्हणाला, "चाचा, आराम करा. मैं है ना."

वायरी जोडून झाल्या. सीट बंद करणार, तेवढ्यात हे उठले. चालताना तोल जात होता, बसूनं दंड धरला. वाकून एका वायरीला बोट लावलं. नुसतं बोट.

"हे ढिलं हाय. तापंल. अजून एक येढा दे."

मिस्त्री म्हणाला, टाईट केलंय चाचा. मग पाना लावला. सबंध एक वेढा फिरला. मिस्त्री त्यांच्याकडं बघत राहिला. "हात में मीटर है क्या चाचा?"

हे परत खुर्चीत जाऊन बसले आणि बसूला म्हणाले, "ते खरंच ढिलं हुतं का? का तुमी माजं मन राखलं?"

हे लिही रेखा. जसंच्या तसं लिही.

२३ फेब्रु., सोमवार

सांगितलं.

बसू काल संध्याकाळच्या गाडीनं गेला. सकाळी न्याहारी झाली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. त्यांची ताटली घासून ठेवली आणि समोर बसले. म्हटलं, "बटण तुमी इसरत न्हवता. तुमी झोपला की मी बंद करत हुते. वडकबाळच्या पुलावनं आल्यापास्नं. तुमी लांब जाऊ नये म्हणून."

त्यांना वेळ लागला. डोळे हळूहळू मोठे झाले.

"म्हंजे मी इसरलो न्हवतो?"

"न्हाय."

"एकदा पण न्हाय?"

"चार्जिंगचं एकदा पण न्हाय."

"आन् मिस्त्रीसमोर मी... आन् डॉक्टरसमोर... तू हुतीस की तितं!"

"हुते."

मग जे सुरू झाले. लग्न झाल्यापासून एवढा आवाज ऐकला नव्हता. शेजारची दारं उघडली. मी म्हटलं, मारा पायजे तर. तर म्हणाले, "साकु!" राग आला की कानडीच येते, आईची भाषा. साकु म्हणजे पुरे. "साकु, शांतव्वा! माजं डोकं सडलं म्हणून मी रात्रंदिस रडतोय, आन् तू हसत हुतीस!"

मी हसत नव्हते हो. म्हणजे हसत होते, पण

जेवले नाहीत माझ्या हातचं. रेखानं वाढलं. दुपारी ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरचं ते सगळं घासून पुसलं. चुना निघेपर्यंत. मग बसूला फोन. "मी इसरलो न्हवतो रं. तुजी आई बटण बंद करत हुती." फोनवर आवाज तरण्या माणसाचा.

रेखानं डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. गोळी परत एक. डॉक्टरांच्या वहीतल्या चार्जिंगच्या ओळींवर तिनं काट मारली. मला दाखवली. काट मला वाचता येते.

माझ्याशी बोलत नाहीत. नको बोलू देत. छाती दगडाखालून निघाली.

२४ फेब्रु.

अजून अबोला. पण शीळ घालतायत.

२५ फेब्रु., बुधवार

सकाळी माझ्याशी बोलले. एकदम गोड. "शांतव्वा, चा टाक." मला वाटलं, राग गेला.

थोड्या वेळानं गल्लीतले मल्लू मास्तर आले. नवी बॅटरी बघून विचारलं, "काय अण्णा, जुनी एवढ्यात गेली?"

हे म्हणाले, "मीच मारली मास्तर. बटण दाबायचं इसरायचो. डोकं चालंना आता."

मी मास्तरांपुढं चहा ठेवला आणि आत गेले.

मास्तर गेल्यावर म्हटलं, "अहो, परवा सांगितलं की मी तुमाला. एवढं भांडलात."

"मी? तुज्याशी? कवा?"

परत सांगितलं. पहिल्यापासून. पूल, झोप, बटण, सगळं. ह्या वेळी ओरडले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "किती करशील गं माज्यासाटी. माज्या चुका सोताच्या अंगावर घेतीस."

मी म्हटलं, खरं सांगते.

म्हणाले, "बरं बरं."

टोमणा चार महिने ध्यानात राहिला, आणि खरं दोन दिवस नाही राहिलं. त्या दिवशीचं ओरडणंच बरं होतं.

२८ फेब्रु., शनि.

रोज सांगते. सकाळी चहाबरोबर. कधी ऐकून हसतात, कधी "गप गं" म्हणतात. एकदा डोळे भरून आले त्यांचे, माझ्या प्रेमानं. ते सगळ्यात वाईट.

रेखाला म्हटलं, त्यांनी भिंतीवर लिहिलं तसं आपण लिहू. लिहिलेलं ते मानतात. रेखानं जाड कागदावर लिहिलं, मी सांगितलं तसं: "तुम्ही बटण विसरला नाहीत. मी बंद करत होते. शांतव्वा." बटणाशेजारी चिकटवलं.

हे चार्जर घेऊन आले. चष्मा लावला. मोठ्यानं वाचलं. माझं नाव आलं तेव्हा वळले.

"हे कुणी लिव्हलं?"

"मी."

"तुला कुटं लिवता येतं?"

एवढं बरोबर ध्यानात! सगळी दुनिया पुसली तरी माझं अंगठाबहाद्दर असणं पुसणार नाही.

"रेखानं लिव्हलं, पण बोल माजं हाय."

"दोगी मिळून म्हाताऱ्याला खुळा करताय व्हय?" हसले. कागद हळूच काढला, न फाडता. घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बरं वाटतं वाचायला."

२ मार्च, सोम.

नवी बॅटरी लई चालते. पट्ट्या हलतच नाहीत. काल सकाळी गेले ते दुपारी आले, चारपैकी एकही पट्टी गेली नव्हती. सॉरी, पाच. रेखा, पाच लिही.

कुठं गेलेले? "हितंच," म्हणाले. हितंच म्हणजे कुठं, ते गाडी पण सांगेना मला. पुस्तक बंद झालं माझं.

चाकाला लाल माती होती. आमच्याकडं सगळी काळी.

बसू म्हणतो, मोबाईलमध्ये काहीतरी टाकतो, अण्णा कुठं आहेत ते दिसेल. पण हे मोबाईल घरी विसरतात. हे मात्र खरंच विसरतात.

४ मार्च

मंद्रूपहून धाकट्या दिरांचा फोन. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. हे म्हणाले, "येतो. गाडी नवी झाली आता माजी."

बसूनं फोनवर सांगितलं, एस्टीनं जा अण्णा, रेखा येईल बरोबर. मी म्हटलं, मी येते, मागं बसते. म्हणाले, "तुजा गुडघा पुलापातुर तरी टिकंल का? मी जाऊन येतो. दोन तासाचं काम."

भांडले. रेखा भांडली. बसू परत फोनवर भांडला. हे शांत. "आसरा चौकातनं सरळ. वडकबाळचा पूल. पूल वलांडला की मंद्रूप. बघा, हाय का न्हाय ध्यानात?"

आहे. आज आहे.

५ मार्च, गुरुवार

जेवण झालं. उद्या सकाळी निघायचं म्हणतात. धुतलेला शर्ट खुंटीला लावून ठेवलाय.

आत्ता गाडी चार्जिंगला लावली. बटण दाबलं. चार्जरचा लाल दिवा लागला. टेस्टर लावून बघितला, परत लावून बघितला. मग माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, रेखाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले,

"शांतव्वा, मी जरा पडतो. तू हितं बस. बटणाकडं लक्ष ठीव. माजा माज्यावर भरवसा न्हाय गं. तुज्यावर हाय."

खिशातला कागद काढून एकदा वाचला, परत ठेवला. झोपले. घोरायला लागले पण.

मी पाट घेऊन बटणाखाली बसले आहे. हात वर केला की पोचतो. बसूनं दुपारी फोन केला होता. बटणाचं नाव काढलं नाही, एवढंच म्हणाला, "अव्वा, तुला बरोबर वाटंल ते कर."

रेखा समोर वही घेऊन बसली आहे. विचारते, "काय लिहू अत्या?"

थांब जरा.

दिवा अजून लाल आहे. हिरवा झाला म्हणजे भरली. त्याला दोन तास आहेत. एवढंच लिही.